घरच्या हवेचं यंत्र: रास्पबेरी पाय, एक सेन्सर आणि स्वयंपाकघरातली चूल

निर्गुडाकाठ

मंडळी, वणी तालुक्यातल्या एका गावातून लिहितो आहे. घरातल्या हवेत धुराचे बारीक कण किती आहेत हे मोजणारं छोटं यंत्र बनवलं, दिवाळीनंतर लावलं, ते अजून चालू आहे. इंटरनेटवर अशी यंत्रं पुष्कळ दिसतात, पण ती बहुतेक शहरातल्या बाल्कनीत टांगलेली. आमच्याकडे प्रश्न स्वयंपाकघराचा आहे, म्हणून खेड्यातल्या घराला लागू पडेल अशा बेतानं सगळं इथे लिहून ठेवतो.

आधी कशासाठी ते. घरी सिलिंडर आहे. तरी अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, भाकरी चुलीवरच होते. कापूस संपला की पऱ्हाट्यांचा ढीग मागच्या अंगणात लागतो आणि तो फुकटचा असतो, मग सिलिंडर जपून वापरला जातो. आईला थंडीत सकाळी खोकल्याची उबळ येते. डॉक्टर म्हणाले, धूर टाळा. पण कोणता? गावाच्या एका अंगाला कोळशाच्या ट्रकांचा रस्ता आहे. उन्हाळा लागला की धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधांवर, काडीकचरा पेटतो. संध्याकाळी गोठ्यात डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी असते. आणि घरात चूल. यातलं आईच्या छातीत नेमकं काय जातं आणि त्यातलं आपल्या हातात काय आहे, हे मला कळून घ्यायचं होतं.

सरकारी आकड्यावरून ते कळत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरं आहेत. तो कार्यक्रमच शहरांसाठी आहे. चंद्रपूरच्या केंद्राचा आकडा मोबाईलवर पाहून आमच्या चुलीजवळची हवा कशी समजणार?

सामान थोडं आहे. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा बोटभर लांबीचा संगणक, एसडीएस०११ हा कण मोजणारा सेन्सर, आणि तापमान व आर्द्रतेसाठी बीएमई२८०. एसडीएस०११ च्या आत छोटा पंखा आणि लेझर असतो. पंखा हवा ओढतो, कणांवर पडून प्रकाश विखुरतो आणि त्यावरून पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा अंदाज निघतो, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. लिहून घ्या, हा अंदाज आहे. यंत्र कण तोलत नाही, प्रकाश मोजतं.

जोडणी: सेन्सरला ५ व्होल्ट पायच्या २ नंबरच्या पिनवरून, ग्राउंड ६ वर. सेन्सरची टीएक्स (पाठवणारी) पिन पायच्या १० वर, आरएक्स (घेणारी) ८ वर. सेन्सरचा सिग्नल ३.३ व्होल्टचा आहे, म्हणून मध्ये काही लावावं लागत नाही. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये सीरियल पोर्ट चालू ठेवा, पण त्यावरचं लॉगिन बंद करा. ते बंद केलं नाही तर पायचा स्वतःचा मजकूर आणि सेन्सरचा डेटा एकाच तारेवर भिडतात. वेग ९६००. सेन्सर १० बाइटचं पाकीट पाठवतो. पहिला बाइट एए, दुसरा सी०, शेवटचा एबी (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले आकडे). चौथ्या बाइटला २५६ नं गुणा, तिसरा मिळवा, १० नं भागा, की पीएम २.५ आलं. पाचवा-सहावा तसेच पीएम १० चे, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे. नववा पडताळणीचा: तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या बेरजेला २५६ नं भागून उरलेली बाकी त्याच्याशी जुळली नाही तर ते पाकीट टाकून द्या. पायथनमध्ये पानभराचा प्रोग्रॅम होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लावायचं कुठे. सगळीकडे लिहिलेलं असतं, उंचावर लावा. मी आई चुलीपुढे पाटावर बसते तेव्हा तिचं नाक जिथे येतं त्या उंचीवर, चुलीपासून हात-दीड हात बाजूला लावलं. श्वास घेणारं माणूस जिथे आहे तिथली हवा मोजायची. छताजवळची मोजून आईला काय उपयोग?

आणि यंत्राशेजारी एक वही बांधली आहे. चूल पेटवली, फोडणी दिली, खिडकी उघडली, झाडलं, उदबत्ती लावली, की घरातलं जे कोणी असेल ते वेळ लिहितं. ही वही नसती तर त्या आलेखाचा मला काही अर्थ लागला नसता.

सर्किटवाली

फार चांगलं काम, विशेषतः उंचीचा विचार. मी मूळची अमरावतीची, आता पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. काही गोष्टी भर म्हणून.

एसडीएस०११ च्या लेझरचं आयुष्य ८००० तास दिलेलं आहे. अखंड चालवला तर अकरा महिन्यांत संपेल. म्हणून दर पाच मिनिटांनी त्याला जागं करा, तीस सेकंद पंखा फिरू द्या, त्यानंतरची काही वाचनं घ्या आणि पुन्हा झोपवा. पहिल्या काही सेकंदांचा आकडा धरू नका, आत जुनी हवा असते. चुलीच्या वेळेपुरता सलग ठेवलात तरी बाकी दिवसभर झोपवून आयुष्य कितीतरी वाढतं. प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस५००३ हा तसाच सेन्सर वापरणाऱ्यांनाही हेच लागू. फक्त त्याचं पाकीट ३२ बाइटचं असतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, चूल पेटताना आकडा ९९९.९ वर जाऊन थांबत असेल. ती सेन्सरची मर्यादा आहे, हवेची नव्हे. खरा आकडा त्याच्या वर कुठेही असू शकतो. अशा वेळी सरासरी काढाल तर ती खऱ्यापेक्षा कमी येईल. त्यापेक्षा आकडा किती मिनिटं वर अडकून राहिला ते मोजा.

तिसरं, आर्द्रता. हवेत ओल वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात, मग यंत्र जास्त दाखवतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच्या वाचनांना वेगळी खूण करा. श्रावणातले आणि धुक्याच्या पहाटेचे आकडे इतर दिवसांच्या शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि अंघोळीच्या पाण्याची वाफ सेन्सरकडे जाते का तेही पाहा.

दर्यापूरची माय

वाचलं सारं. पोरा, माया हयाती चुलीपुढं गेली. धूर किती हाये हे सांगाले यंत्र कायले पाहिजे? डोये सांगतात ना. मोजून मंग तू केलं काय, ते सांग. आकडा पाहून खोकला तं थांबत नाई.

निर्गुडाकाठ

माय, अगदी बरोबर विचारलंत. तेच सांगायचं राहिलं होतं.

आम्हाला वाटत होतं, स्वयंपाकाची वेळ सगळ्यात वाईट. वही आणि आलेख शेजारी ठेवला तेव्हा दिसलं की पऱ्हाट्या कडकडीत वाळलेल्या असल्या आणि जाळ चांगला लागला की आकडा उलट खाली येतो. वर जातो तो पेटवताना, आणि त्याहून जास्त वेळ वर राहतो तो जाळ विझून लाकूड धुमसत असताना. भाकरी झाली, आई तिथेच बसून भाजी निवडते, चहा घेते आणि चूल मागे धुमसत असते. डोळ्यांना तेव्हा धूर फारसा झोंबत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हतं. आता काम झालं की जळतं लाकूड ओढून अंगणात राखेत दाबतो. निवडणं-टिपणं ओसरीवर.

दुसरं, अंघोळीच्या पाण्याची चूल. ती परसात होती, पण नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जात नाही, तो खिडकीतून आत येत होता. ती चूल आम्ही न्हाणीच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेली. एवढ्यानं आईच्या पहाटेच्या तासात जो फरक पडला तो दुसऱ्या कशानं पडला नाही.

तिसरी गोष्ट कोणाच्याच मनात नव्हती. यंत्र काही रात्री झोपायच्या खोलीत ठेवलं. दार-खिडकी बंद, आणि कोपऱ्यात डासांची जळती कॉइल. आकडा रात्रभर वर. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघतात असं मोजलेलं आहे. आता मच्छरदाणी लावतो.

खोकला गेला असं मी म्हणणार नाही. उबळ कमी झाली आहे, आणि ते आईच सांगते. डोळे धूर दाखवतात हे खरं, पण वेळेचा आणि जागेचा हिशेब डोळ्यांना ठेवता येत नाही.

दर्यापूरची माय

हे बरं केलं. धुमसत्या लाकडाचं मलेही पटलं, आमच्या इथं तं ते रात्रीपोतर धुमसत राह्यते. चुलीवर धुराडं बसव, बापा. माह्या सासरी होतं, भित कायी झाली नाई.

कोळसापट्टा

मी घुग्घुसजवळ राहतो. आमच्याकडे चुलीपेक्षा बाहेरची धूळ जास्त. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण होते, म्हणजे अति प्रदूषितांत. इकडे वीजकेंद्र, खाणी, सिमेंट, सगळं एकाच टापूत. सकाळी अंगण झाडलं की दुपारी पुन्हा काळा थर. हे यंत्र ओट्यावर लावून रोजचे आकडे काढले आणि ग्रामसभेत ठेवले तर उपयोग होईल का? पीएम १० पण दाखवतं म्हणता.

सर्किटवाली

तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून स्पष्ट सांगते. पीएम १० चा आकडा ही या सेन्सरची सगळ्यात कमकुवत बाजू आहे. धुराचे कण एक मायक्रॉनच्याही खालचे असतात, ते त्याला छान दिसतात. कोळशाची आणि रस्त्याची धूळ जाडी असते. ते कण वजनदार, पंख्याच्या हलक्या ओढीनं आत वळत नाहीत, आणि आले तरी हा लेझर त्यांना नीट मोजत नाही. पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून अंदाजानं काढलेला असतो. म्हणजे तुमच्या अंगणात काळा थर बसत असताना यंत्र शांत आकडा दाखवू शकतं. तो आकडा ग्रामसभेत ठेवलात तर समोरचा माणूस त्याच आकड्यानं तुम्हाला खोटं पाडेल.

३० मे २०२४ आठवतो? नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान विभागानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सरकारी यंत्राचं असं होतं, तर आपल्या यंत्राला कोण सोडेल?

धुळीसाठी घरचा साधा पुरावा जास्त बोलतो. एकाच मापाचे स्टीलचे ताट रोज ठरलेल्या जागी ठेवा, ठरलेल्या वेळी पांढऱ्या ओल्या कापडानं पुसा, कापडावर तारीख लिहून जपून ठेवा, फोटो काढा. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गावात मोजणी करण्याची लेखी मागणी करा. ती मोजणी गाळणकागद तोलून होते, तिला वजन आहे. मागणी करताना प्रमाण माहीत असू द्या: भारतात २००९ च्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक प्रमाण याहून कितीतरी कडक आहे, अनुक्रमे ४५ आणि १५.

तुमचं यंत्र पीएम २.५ साठी जरूर लावा. कचरा जळतो कधी, धूर कोणत्या वाऱ्यावर येतो, हे त्यातून छान कळेल.

कोळसापट्टा

समजलं. ताट आणि कापडाचं आजपासून सुरू करतो. चार घरं मिळून करू, म्हणजे एकट्याच्या अंगणाचा प्रश्न राहणार नाही.

झाडीपट्टी

गोंदियाकडून. आमच्या इथे लाईन कधी जाईल नेम नाही, आणि नेट म्हणाल तर मोबाईल धानाच्या बांधीत नेला तर मिळतं. मी पायवर दुसरं काम करून पाहिलं होतं, लाईन जाऊन-येऊन मेमरी कार्डच खराब झालं. शिवाय लाईन आल्यावर घड्याळ मागे राहतं. यावर काय केलंत?

निर्गुडाकाठ

घड्याळाचं दुखणं खरं आहे. या पायला स्वतःचं चालतं घड्याळ नसतं, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. नेट नसलं तर लाईन जाण्याआधी शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे मोजतो. मग वहीत पहाटे साडेपाच आणि फाईलमध्ये रात्रीचे दोन, असा सगळा मेळ बिघडतो. डीएस३२३१ हे घड्याळाचं मोड्यूल बीएमई२८० च्याच दोन तारांवर, ३ आणि ५ नंबरच्या पिनवर बसतं. त्याला वीज ३.३ व्होल्टची द्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मोड्यूलमध्ये सेल चार्ज करण्याचं सर्किट असतं, आणि ५ व्होल्ट दिले तर साधा, चार्ज न होणारा सेल फुगण्याची भीती असते.

कार्डासाठी रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाईल सिस्टिम चालू केली. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, लाईन कशीही गेली तरी ते शाबूत. नोंदी वेगळ्या पेन ड्राइव्हवर जातात, प्रत्येक ओळ लिहिली की लगेच पक्की करायची. वीज गेलीच तर फार तर शेवटची ओळ जाईल.

विजेची गरज कमी आहे, पाय आणि सेन्सर मिळून वॉटभराच्या आसपास. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकवर दिवसभर निघतो. पॉवर बँक घेताना एक पाहा: चार्जिंग लागताना किंवा निघताना ती क्षणभर वीज तोडते का. तोडत असेल तर दर वेळी पाय पुन्हा सुरू होईल.

आणि नेट नकोच असेल, आलेखही घरी बसून पाहायचा असेल तर पाय स्वतःचं वायफाय सुरू करू शकतो. मोबाईल त्याला जोडा, ब्राउझरमध्ये पान उघडा. आमच्या घरी तसंच आहे. नुसता आकडा हवा असेल तर पायऐवजी ईएसपी३२ हा छोटा वायफाय बोर्ड घ्या. स्वस्त पडतो आणि लाईन गेल्यानं त्याचं काही बिघडत नाही.

रुग्णसेवा_वर्धा

वर्धा जिल्ह्यात डॉक्टर म्हणून काम करते. हा धागा मी माझ्या परिचारिकांना वाचायला दिला आहे. दोन गोष्टी मात्र ठळक करून सांगायच्या आहेत.

हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपतात, त्यात धूर नसतो, म्हणून कणांचा आकडा छान खाली दिसेल, आणि त्याच खोलीत माणूस झोपेतच दगावू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. यंत्राचा आकडा कमी आहे म्हणून खोली सुरक्षित, असं कधीही समजू नका. निखारे खोलीत ठेवून झोपायचं नाही, यंत्र असो वा नसो. मोजायचंच असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा तयार अलार्म घ्या.

दुसरं, पदर नाकाला लावल्यानं अडीच मायक्रॉनचे कण अडत नाहीत. बायकांना त्यानं संरक्षण मिळतं असं वाटतं आणि त्या तशाच बसून राहतात. घरातल्या इंधनाच्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, पण चुलीपुढे बसलेल्या बायकांमध्ये सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा फुप्फुसाचा आजार, मी स्वतः पाहते. निर्गुडाकाठ, आईंची फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, एकदा करून घ्या. उबळ कमी झाली तरीही.

दर्यापूरच्या माय म्हणतात त्या धुराड्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या वर्ध्यात मगनवाडीत धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार झाली होती, म्हणजे ही वाट आपल्याकडे जुनी आहे. धुराडं कौलांच्या वर काढा आणि काजळी वेळेवर झाडा. तुंबलेलं धुराडं सगळा धूर घरात परत पाठवतं.

निर्गुडाकाठ

डॉक्टर, तपासणी करून घेतो. निखाऱ्यांचं गावात सांगेन, आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या खाटेखाली घमेलं ठेवायची पद्धत आहे. धुराड्याचं गवंड्याशी बोलणं झालं आहे. बसवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही इथे टाकीन.

शाळामास्तर

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीची मुलं हे करू म्हणतात. पडद्यावर हिरवा-पिवळा-लाल असा हवेचा निर्देशांक दाखवता येईल का? आणि पेटी कशाची केलीत?

सर्किटवाली

मास्तर, रंग दाखवा, पण त्याला निर्देशांक म्हणू नका. सरकारी निर्देशांक काढायला किमान तीन प्रदूषकं लागतात, त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० पैकी एक असावंच लागतं, आणि कणांची चोवीस तासांची सरासरी घ्यावी लागते. एका क्षणाचा आकडा त्यात बसवला की फोडणी दिली तरी पडदा 'गंभीर' म्हणेल. मुलांना पायऱ्या जरूर शिकवा: पीएम २.५ ची दिवसाची सरासरी ३० पर्यंत चांगली, ६० पर्यंत समाधानकारक, ९० पर्यंत मध्यम, १२० पर्यंत वाईट, २५० पर्यंत अति वाईट, त्यापुढे गंभीर. निर्देशांकात ६० ला १०० आणि ९० ला २०० धरतात; सरासरी ७५ आली तर ती ६० आणि ९० च्या बरोबर मध्ये, म्हणजे त्या एका घटकाचा उपनिर्देशांक १५०. त्रैराशिकाचं हे सुंदर उदाहरण आहे. शक्य झालं तर दोन यंत्रं बनवा आणि आठवडाभर एकाच बाकावर शेजारी ठेवा. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढी शंका एकट्या यंत्रावर नेहमी ठेवायची, हे मुलांना हातानं कळेल.

निर्गुडाकाठ

पेटी म्हणजे शेतीच्या पाइपचे ७५ मिलिमीटरचे दोन एल्बो, एकमेकांत बसवून दोन्ही तोंडं खाली. पाणी जात नाही, ऊन लागत नाही. दोन्ही तोंडांना मच्छरदाणीची जाळी, नाहीतर कोळी आणि मुंग्या सेन्सरमध्ये घर करतात. बाहेर लावणार असाल तर भिंत उत्तरेची घ्या. या सेन्सरची मर्यादा ५० अंशांची आहे, आणि मे महिन्यात आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली पेटी तिथवर सहज तापते. ज्यांच्या घरात कापूस भरलेला असतो त्यांनी जाळीकडे जास्त लक्ष द्यावं. रुईचा तंतू जाळीवर बसून हवा अडते आणि आकडा उगाच खाली येतो. एरवी आठवड्यानं आणि कापूस घरात असेपर्यंत दोन-तीन दिवसांनी मऊ ब्रशनं जाळी झाडायची, झाडताना सेन्सर बंद ठेवायचा. मास्तर, प्रोग्रॅमच्या ओळी मराठी टिपांसह तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो. मुलांना अडलं तर इथेच विचारू द्या.